बापूंचे उंच पाय

बापूंच्या हॉलचं छत पडलं ते संध्याकाळी, चहाच्या वेळी. अख्खं छत नव्हे, मधला परातीएवढा एक पोपडा. पण पडायला त्यानं जागा निवडली ती आक्काच्या खाटेची, आणि खाटेवरही नेमकी उशीची. खाट रिकामी होती म्हणून निभावलं. ती आदल्याच दिवशी मांडली होती, नवी चादर घालून, शेजारी पाण्याचा तांब्या आणि हाक मारायला घंटी ठेवून. जिच्यासाठी एवढं मांडलं ती बापूंची थोरली बहीण खुब्याचं ऑपरेशन करून अजून हॉस्पिटलात होती.

आई लवकर गेल्यामुळे बापूंना आक्कानंच वाढवलं होतं. शाळेत घातलं, नोकरीला चिकटवलं, आणि बघायला आलेल्या प्रत्येक मुलीच्या बापाला "मुलगा अजून वाढेल" असं बेधडक सांगून लग्नही लावून दिलं. मुलगा वाढला नाही. लग्नाच्या फोटोत बापू पाटावर उभे आहेत हे घरात कुणी बोलून दाखवत नसे, आणि फोटोत पाट दिसू नये म्हणून पुढे जी कुंडी ठेवली होती तिचाही विषय निघत नसे.

आयुष्यभर एकटी राहिलेल्या आक्काला स्वतःकडे यायला राजी करणं हे सोपं काम नव्हतं. "मी कुणाच्या दारात पडून राहायची नाही," हे तिचं एक वाक्य आणि त्यापुढे बापूंची सगळी आर्जवं. शेवटी एकदाची "बरं" म्हणाली होती. आणि त्याच आठवड्यात हा पोपडा.

"आक्काला यातलं एक अक्षर कळता कामा नये," बापू बायकोला म्हणाले.

बापूंच्या बायकोला सगळी इमारत काकू म्हणायची. काकूंनी मान डोलावली, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हॉस्पिटलात गेल्या आणि आक्काच्या पहिल्याच प्रश्नाला सगळं सांगून मोकळ्या झाल्या. प्रश्न फक्त "घरी सगळं ठीक ना?" एवढाच होता.

संध्याकाळी बापू भेटायला गेले तेव्हा आक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"डोक्यावर छप्पर देतो म्हणालास ते हेच का रे?" तिनं विचारलं. "इथल्या नर्सबाईंनी एका आश्रमाचा पत्ता दिलाय. पत्र्याचं छत आहे म्हणे. पत्र्याला पोपडे सुटत नाहीत."

"आक्का, तू घरी येशील त्याआधी छत आरशासारखं झालेलं असेल. माझा शब्द आहे."

"तुझा शब्द," आक्का भिंतीला म्हणाली. पुढे काही बोलली नाही. एरवी ती चार शब्द जास्तच बोलायची. तिचं हे गप्प राहणं बापूंना खुब्याच्या दुखण्यापेक्षा वाईट वाटलं.

बापू पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात होते. "आपली तक्रार योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आली आहे" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा लिहिलं होतं की तक्रार पुढे पाठवली की ती मिटते, असा त्यांचा प्रामाणिक समज झाला होता. आता पहिल्यांदाच योग्य तो विभाग म्हणजे ते स्वतःच होते.

सल्ला न मागता आला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त ओव्हरसियर राहत. निवृत्त झाल्यापासून त्यांना बघायला बांधकाम उरलं नव्हतं, त्यामुळे बापूंचं छत पडल्याचं ऐकून ते जिना उतरले ते जवळजवळ आनंदातच. हातात काठी होती. त्यांनी छताकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि काठीच्या टोकानं ठोकलं. दुसरा पोपडा खाली आला. पुन्हा ठोकलं. तिसरा आला.

"बघितलंत? पडणारच होतं," ते समाधानानं म्हणाले. "आता ठिगळ लावून उपयोग नाही. सगळं खरवडा आणि नव्यानं गिलावा करा. आणि परांची घाला हो, बापू. दोन घोड्या, वर फळ्या, त्यावर माणूस. माझा माणूस आहे, पाठवतो."

काकूंनी तिथल्या तिथे होकार दिला. बापूंना ते लागलं. घराचं छत पडलं तर निदान ते कुणी उचलायचं हे तरी घरच्या कर्त्याला विचारावं. ते तणतणत ऑफिसला गेले. तिथे शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांना वेगळीच बातमी दिली: त्यांच्या जावेच्या घरी एक कारागीर आला होता, तो परांचीच बांधत नाही. पायांना ॲल्युमिनियमचे उंच पाय लावतो, गुडघ्यापाशी पट्टे आवळतो आणि छताखालून असा चालत जातो की खालच्यांनी बघत राहावं. ना फळ्या, ना घोड्या, ना पसारा. सकाळी आला आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत छत संपवून गेला.

"म्हणजे साधा माणूससुद्धा छताला हात लावू शकतो?" बापूंनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात काहीतरी हललं. बाईंना ते कळलं नाही. त्या पाच फूट आठ इंच होत्या.

त्याच दुपारी बापूंनी उंच पायवाल्याला बोलावणं धाडलं. घरी सांगितलं नाही. काकूंनी त्यांना न विचारता माणूस ठरवला होता, तेव्हा त्यांनी तरी काकूंना का विचारावं?

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. बापूंच्या दारात दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच दोन घोड्या उभ्या होत्या, लाकडी, चुन्यानं माखलेल्या, आणि त्यांच्यामागे फळ्या घेतलेला एक उंचापुरा मिशीवाला. तो ओव्हरसियरांचा परांचीवाला. आणि जिन्यावरून, खांद्यावर झोळीत दोन चकचकीत पाय घेऊन, एक सडपातळ माणूस शीळ घालत वर येत होता. तो उंच पायवाला. दोघांची नजरानजर झाली. शीळ थांबली.

"हा इथं असेल तर मी नाही," परांचीवाला म्हणाला.

"मी तर येतानाच म्हटलं, जिन्यात वास कसला येतोय," उंच पायवाला म्हणाला.

दोघं एकमेकांचे साडू निघाले. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. गावात गवंड्यांची कमी नव्हती, पण बापू आणि काकूंनी आपापल्या बुद्धीनं निवडून नेमके हे दोघे आणले होते. भांडणाचं मूळ सासऱ्यांच्या घरच्या छतात होतं. ते परांची घालून करायचं की उंच पायांवरून, यावर दोघांचं जे बिनसलं ते बिनसलंच. छत तसंच राहिलं, आणि सासरे त्याच उघड्या विटांकडे बघत वारले.

"साहेब, तुम्हीच सांगा," परांचीवाल्यानं बापूंना पंच केलं. "छताचा गिलावा म्हणजे जोराचं काम. दोन पाय रोवून उभं राहावं लागतं. ह्याचे पाय ह्याचे स्वतःचे तरी आहेत का? सगळा कारभार वाऱ्यावर!"

"आणि हा काय करतो विचारा," उंच पायवाला म्हणाला. "चार पावलं टाकली की फळी संपली. मग उतर, घोडी सरकव, पुन्हा चढ. अर्धा दिवस चढण्यात, अर्धा उतरण्यात. गिलावा वाळून भेगा पडतात तरी ह्याची चढाई चालूच!"

काकू बापूंकडे बघत होत्या. बापू काकूंकडे बघत नव्हते. दोघांपैकी एकाला परत पाठवणं म्हणजे नवरा-बायकोपैकी एकाची चूक कबूल करणं. बापूंनी ऑफिसात आयुष्यभर जे केलं तेच केलं. त्यांनी छताची वाटणी केली. खिडकीकडची बाजू परांचीवाल्याला, दाराकडची उंच पायवाल्याला. त्यांच्या हयातीतला हा सर्वांत मोठा स्वतंत्र निर्णय होता. तो घेतल्यावर त्यांना हलकं वाटलं, आणि ते हलकेपण जेमतेम दुपारपर्यंत टिकलं.

हॉल रिकामा करायला सगळी इमारत धावली, म्हणजे सांगायला धावली. कपाट आणि जेवणाचं टेबल ओव्हरसियरांकडे वर गेलं. सोफा तळमजल्यावर गणिताचे क्लास घेणाऱ्या बाईंकडे गेला. आक्काची खाट तेवढी कुठेच मावेना. ती तात्पुरती स्वयंपाकघरात, ओट्याला समांतर लावली.

मग सेक्रेटरी आले. इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी शांत स्वभावाचे होते, आणि म्हणूनच लोक त्यांना घाबरत.

"परांची घालायला कमिटीची परवानगी लागते, बापू. घेतलीत?"

"आतल्या आत, माझ्याच हॉलमध्ये?"

"नियमात आत-बाहेर असं नाही. नुसतं परांची असं आहे."

"बरं. पण त्या दुसऱ्याकडे परांची नाहीच. तो पायांवर उभा आहे. पायांना कुठं परवानगी लागते?"

सेक्रेटरींनी बराच वेळ उंच पायवाल्याकडे, म्हणजे त्याच्या पोटऱ्यांखाली जे काही होतं त्याकडे पाहिलं.

"स्वतःच्या पायांना लागत नाही," ते म्हणाले. "हे भाड्याचे वाटतात."

तेवढ्यासाठी कमिटीची बैठक भरली. उंच पाय लावलेला माणूस हा माणूस धरायचा की तात्पुरतं बांधकाम, यावर बराच खल झाला. माणूस धरला तर तो पाहुणा, त्याला हरकत घेता येत नाही. बांधकाम धरलं तर तो चालतो कसा? बापू कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांची हरकत, विनंती आणि शेवटी काकुळती, यांपैकी प्रत्येकीची नोंद घेण्यात आली. ठरलं ते असं: क्लासच्या वेळात खाली ठकठक होते म्हणून तेव्हा उंच पाय बंद, आणि दुपारी ज्येष्ठांच्या झोपेच्या वेळात घोड्या ओढल्याचा आवाज होतो म्हणून तेव्हा परांची बंद. म्हणजे एक चालू असताना दुसरा जिन्यात बसून पहिल्याच्या कामाला नावं ठेवत असे. बापूंच्या दारात आता दिवसभर एक ना एक टीकाकार हजर होता.

त्या दिवसांत बापूंच्या घरात खायला-प्यायला, श्वास घ्यायला सगळीकडे गिलावाच होता. चहाला साय येई ती चुन्याची. ऑफिसात ते पांढऱ्या भुवया घेऊन जाऊ लागले. साहेबांनी त्यांना आत बोलावून आवाज खाली करून विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना, बापू? वय झाल्यासारखे दिसता." रजेचा अर्ज केला होता तो शेरा मारून परत आला: 'छत कोणाचे ते स्पष्ट करावे.'

एकदा परांचीवाल्यानं फळीवर उभ्या उभ्या तळहात स्लॅबला लावला आणि तो तसाच धरून ठेवला. "साहेब, इथं ओल आहे. वरून झिरपतंय."

वर म्हणजे ओव्हरसियर. ते खाली आले, काठी टेकून उभे राहिले आणि ओलीकडे पाहून हसले. "ही ओल नाही हो. नव्या गिलाव्याला घाम येतो. त्याचं लक्षण चांगलं असतं."

"कुणाच्या बाथरूमखालचा गिलावा असेल त्याला जास्त येतो," जिन्यातून उंच पायवाला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा दोन साडवांचं एकमत झालं होतं. पण ते दोघांच्याही लक्षात आलं तेव्हा परांचीवाल्यानं घाईनं हात काढून घेतला आणि म्हणाला, "असेल, घामही असेल."

होता होता दोन्ही बाजू झाल्या. इथलाही नाही आणि तिथलाही नाही असा मधला हातभर पट्टा तेवढा उरला. एकाचा गिलावा बोटभर खाली होता, दुसऱ्याचा बोटभर वर. दोन्ही जोडायचे तर एकानं दुसऱ्याची पातळी मान्य करायला हवी होती.

"त्यानं खाली यावं," उंच पायवाला म्हणाला.

"मी खालीच आहे, हा वर गेलाय," परांचीवाला म्हणाला. "लग्नापासूनच."

"सासऱ्यांच्या वेळी पण हेच म्हणाला होतास!"

सासऱ्यांचं नाव निघाल्यावर मग काही राहिलं नाही. परांचीवाला थापी आपटून तरातरा निघून गेला, परांची तशीच टाकून. उंच पायवाल्यानं फळीवर बसून पट्टे सोडले, चपला घातल्या आणि तोही गेला. रागाच्या भरात लोक छत्री विसरतात, डबा विसरतात. हा गृहस्थ पाय विसरला.

पट्टा आक्काची खाट जिथं यायची होती त्या जागेच्या बरोबर वर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. हॉस्पिटलातून होता. त्यांना खाट हवी होती. पेशंटला आजच घरी न्या, ॲम्ब्युलन्स आम्ही देतो.

"मी जाते आणायला," काकू म्हणाल्या. "तुम्ही त्या दोघांतल्या एकाच्या तरी पाया पडा."

दोघांनीही फोन उचलला. परांचीवाला म्हणाला, तो गेला का आधी सांगा. उंच पायवाला म्हणाला, त्याच्या घोड्या हलल्या का आधी सांगा. काकू पिशवी घेऊन निघून गेल्या. बापू रिकाम्या हॉलमध्ये उभे राहून वर बघत राहिले. दोन गुळगुळीत पांढरे तुकडे आणि मध्ये राखाडी, खडबडीत, जखमेसारखा पट्टा. आक्का येणार, उताणी पडणार, आणि दिवसभर तिला दुसरं काहीच दिसणार नाही.

घमेल्यात सकाळी कालवायचा म्हणून आणलेला माल होता. थापी होती. परांची उभी होती. कालवणं त्यांनी इतके दिवस पाहिलंच होतं. लाजतकाजत त्यांनी माल कालवला, घमेलं फळीवर चढवलं आणि स्वतः चढले. हात वर केला.

हात पोचला नाही. परांची उंचापुऱ्या मिशीवाल्याच्या मापानं बांधली होती. बापूंनी चवडे उंचावले, थापी दोन बोटांत धरली, नको नको म्हणत उडीही मारली. फळी कुरकुरली. छत जिथल्या तिथे होतं. लग्नाच्या फोटोतला पाट आठवून त्यांचे कान लाल झाले.

आणि कोपऱ्यात ते पाय उभे होते.

बापूंनी ते फळीला टेकवले, फळीच्या कडेला बसले, पावलं खोबणीत घातली आणि गुडघ्याखाली पट्टे करकचून आवळले. मग देवाचं नाव घेतलं आणि फळी सोडली.

पहिलं पाऊल थरथरत पडलं. दुसरं जरा बरं. खिडकीच्या गजाला धरून त्यांनी एक फेरी मारली, मग न धरता दुसरी. आणि एकाएकी बापूंना सगळं दिसायला लागलं. दाराच्या चौकटीवरची धूळ दिसली. वीजमीटरच्या पेटीवर काकूंनी लपवलेली, त्यांच्यासाठी बंद असलेली बिस्किटं दिसली. खिडकीतून खाली फाटकाशी उभे असलेले सेक्रेटरी दिसले, आणि सेक्रेटरींना टक्कल आहे हे बापूंना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. उंच माणसं इतके दिवस हे सगळं बघत होती आणि कधी एका शब्दानं बोलली नव्हती!

त्यांनी हातातल्या लाकडी पाटीवर माल घेतला आणि पट्ट्यावर पहिली थापी मारली. निम्मा माल डोळ्यांत आला, पण निम्मा राहिला. राहिला! छताला, त्यांच्या हातानं, चिकटून! बापू त्या क्षणी जितके सुखी होते तितके ते पुन्हा कधी झाले नाहीत.

दारात परांचीवाला आला. दुसरीकडे काम लागलं होतं, घोड्या न्यायच्या होत्या. बापूंना बघून तो थबकला.

"साहेब, तुम्ही? आणि त्याच्या पायांवर?"

"का? जमतंय की," बापू वरून म्हणाले. आयुष्यात प्रथमच ते एका मिशीवाल्याकडे वरून खाली बघत होते, आणि ते बघणं त्यांना महागात पडलं.

"घोड्या नेऊ का मग? की तुम्हाला लागतील?"

परांची गेली तर खाली उतरायचं कसं, हा प्रश्न बापूंच्या मनात येऊन गेला. पण तो विचारायचा म्हणजे उतरता येत नाही हे सांगायचं.

"न्या, न्या," बापू म्हणाले. "माझं काय अडलंय?"

परांचीवाला सज्जन होता. त्यानं घमेलं अलगद उतरवून जमिनीवर ठेवलं, घोड्या खांद्यावर घेतल्या आणि तो गेला. जाताना "छान चाललंय," असंही म्हणाला.

पाटीवर उरलेल्या मालात बापूंनी पट्टा पुरा केला. शेवटी शेवटी तो पापडाएवढा पातळ झाला, पण झाला. मग त्यांनी थापी खिशात घातली आणि उतरायला गेले.

घमेलं खाली होतं. जमीन खाली होती. बसायला हॉलमध्ये काही नव्हतं. सगळं शेजारी नेऊन ठेवलेलं. एका पायाचा पट्टा सोडावा तर एकाच उंच पायावर उभं कसं राहायचं? शिवाय या पायांवर नुसतं उभं राहताही येत नव्हतं. थांबलं की तोल जाई. जागच्या जागी पावलं टाकतच राहावं लागे. ठक ठक, ठक ठक. बापूंनी खिडकीचा गज धरला. ठक ठक. त्यांना रडू येत होतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये आपण असे अधांतरी.

तळमजल्यावरच्या क्लासवाल्या बाई वर आल्या. "बापू, माझ्या मुलांचं त्रैराशिक चाललंय. हा काय तालीमखाना आहे का?" मग त्यांनी वर पाहिलं. "अगं बाई."

त्यांच्यामागे सेक्रेटरी आले. "क्लासच्या वेळात पायांना बंदी आहे, बापू. खाली उतरा."

"सेक्रेटरी, मी दुसरं काय मागतोय?"

मग ओव्हरसियर. त्यांनी काठीनं बापूंचे दोन्ही पाय ठोकून पाहिले आणि बापू केळीसारखे हलले. "पडू द्यावं," त्यांचं मत पडलं. "खाली गाद्या घालाव्या आणि सरळ पडू द्यावं." तुमच्याकडचं आमचं टेबल खाली आणा असं बापू ओरडले, तर टेबलावर ओव्हरसियरांच्या सूनबाईंनी वाळवण घातलं होतं. उंच पायवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, साडू येऊन गेलेल्या घरात मी पाऊल टाकत नाही. "पाऊल तुमचंच आहे इथं!" बापू गजाला लटकून किंचाळले.

दारात माणसं वाढत गेली. क्लासची मुलं त्रैराशिक सोडून वर आली. आणि अशा त्या वेळी खाली ॲम्ब्युलन्स थांबली.

आक्काला दोघा जणांनी स्ट्रेचरवरून जिना चढवून आणलं, दारात स्ट्रेचरची चाकं उघडली. गर्दीनं वाट दिली. काकू पुढे होत्या. त्या आत शिरल्या, त्यांनी नवऱ्याच्या कंबरेपासून वर हळूहळू नजर नेली आणि पिशवी खाली ठेवली.

"अहो," एवढंच त्या म्हणाल्या.

आक्का उताणी होती. तिला पहिल्यांदा दिसलं ते छत. मग छताला टेकायला आलेलं, चुन्यानं माखलेलं एक डोकं.

"बापू?" आक्का म्हणाली. "अरे, तू एवढा कधी झालास?"

कुणी हसलं नाही. बापूंच्या गालावरून चुन्याचे दोन ओघळ खाली आले.

"मला उतरता येत नाही, आक्का," ते म्हणाले.

आक्कानं क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा ते तिचे नेहमीचे डोळे होते. "मला आधी खाटेवर ठेवा," तिनं फर्मावलं. "कुठाय? स्वयंपाकघरात? तिथं ठेवा. आणि ही गाडी त्याच्याखाली न्या. वर होते ना ही? केवढी होते?"

"आजी, स्ट्रेचरवर पेशंटशिवाय कुणाला घेता येत नाही," ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला. "वरून ऑर्डर आहे."

"मग हा पेशंटच आहे. तोंड बघ त्याचं."

ॲम्ब्युलन्सवाल्यानं तोंड बघितलं आणि वाद घातला नाही. आक्का खाटेवर गेली. रिकामं स्ट्रेचर हॉलमध्ये आलं, खटका दाबल्यावर शेवटच्या टोकापर्यंत वर झालं. सगळ्या इमारतीनं धरलेले बापू त्यावर हळूच टेकले, आडवे झाले, पट्ट्यांनी बांधले गेले, आणि खटका पुन्हा दाबल्यावर सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करत खाली आले. त्यांचे दोन चकचकीत पाय स्ट्रेचरच्या पुढे हातभर आले होते. क्लासच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. आजही इमारतीतले निम्मे लोक सांगतात की त्या दिवशी ऑपरेशन बापूंचं झालं होतं.

स्वयंपाकघरातून एक चमत्कारिक आवाज येऊ लागला. काकू घाबरून धावल्या. आक्का पोट धरून हसत होती. "हसवू नका रे," ती म्हणत होती, "टाके दुखतात, हसवू नका."

छत वाळेपर्यंत खाट स्वयंपाकघरातच राहिली. वाळलं, तेव्हा हॉल पुसला, चादर बदलली. खाट न्यायची त्याच सकाळी ओव्हरसियर दारात आले. मान खाली होती.

"बापू, तो घाम नव्हता," ते म्हणाले. "आमच्या बाथरूमची लादी उखडावीच लागेल. गवंडी बोलावलेत. एक म्हणतो सुरुवात भिंतीकडून, दुसरा म्हणतो दाराकडून."

"दोघं?" बापूंनी विचारलं. "साडू?"

ओव्हरसियर काठी टेकत वर गेले. पहिला घाव पडला आणि बापूंचा पापडाएवढा पट्टा अख्खा खाली आला. धूळ बसली तेव्हा मधोमध जुनी राखाडी जखम होती तशीच होती.

बापू स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. काकू ओट्याशी होत्या, खाटेला वळसा घालून कुकर उतरवत होत्या. आक्का उशीला टेकून बसून भाजी निवडत होती. दोघींनी धडाम ऐकलं होतं.

"आक्का, तुला हॉलमध्ये न्यायला..." बापू सुरू झाले.

"मला कशाला न्यायचंय तिकडे?" आक्का म्हणाली. "तिथं पडून छत बघायचं? इथं माणसं दिसतात. काय गं, माझी अडचण होते का तुला?"

"होते," काकू म्हणाल्या. "मटार सोलाल का जरा?"

टेबल अजून वरच होतं. बापूंना खाटेच्या पायथ्याशी ताट मिळालं. त्यांनी पहिला घास उचलला तोच वर दुसरा घाव पडला. बापूंचा हात थांबला, मान आपोआप वर गेली.

"वर काय बघतोस?" आक्का म्हणाली. "जेव."